पहिल्या आदणाचा गूळ

आण्णाचं पत्र तीन ओळींचं होतं. हंबीर ख्रिस्ती व्हायचं म्हणतोय. रविवारी विधी आहे. शनिवारी आपलं गुऱ्हाळ सुरू होतंय, त्याला ये. बस्स. एरवी आण्णा निदान 'तीर्थस्वरूप आक्कास साष्टांग नमस्कार' एवढं तरी लिहायचा. या खेपेला तेही गाळलेलं. धाकट्या भावावर तो किती भडकलाय ते आक्कानं मलकापुरात चुलीपुढं बसूनच ओळखलं, आणि शनिवारी पहिल्या एसटीनं ती निघाली.

बांबवड्यापर्यंत ती मनातल्या मनात हंबीरला शिव्या देत होती. एक्केचाळीस वर्षांचा घोडा, दोन पोरांचा बाप, कोल्हापूरच्या छापखान्यात लोकांच्या चुका सुधारायची नोकरी, सहा पुस्तकं नावावर. आणि आता हे खूळ! अगं बाई, देव नाही म्हणून ज्यानं गावभर व्याख्यानं झोडली, पंचमीला नागाला दूध पाजणाऱ्या बायकांना भर रस्त्यात अडवलं, त्यालाच देव सापडावा, आणि तोही दुसऱ्यांचा? पण वाघबिळाच्या वळणावर जोतिबाचा डोंगर दिसला आणि आक्काच्या शिव्या संपल्या. तिनं खिडकीतूनच हात जोडले. डोंगर बघितला की तिला आईचा नवस आठवायचा, आणि तो नवस जगात तिघांनाच माहीत होता. आईला, आक्काला आणि जोतिबाला.

त्याची गोष्ट अशी. पन्नास सालच्या श्रावणात आबांना, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांना, उसाच्या सरीत पान लागलं, म्हणजे साप चावला. आण्णा म्हणत होता गाडी जुंपतो, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेऊया. आई म्हणाली, देवळात न्या. गावात तोच रिवाज होता. आबांना देवळात निजवलं, लिंबाचा पाला चारला, सगळं गाव भोवती बसलं आणि सूर्य मावळायच्या आत आबा गेले. सतरा वर्षांचा हंबीर देवळाच्या दारात उभा राहिला आणि मूर्तीकडं बोट करून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हितं कोण न्हाय. हा दगड हाय. घरला चला." दिवस घालताना तो बसला नाही, डोकं केलं नाही, आणि त्यानंतर कुठल्या देवापुढं त्याचा हात वर झाला नाही. आईला त्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त तिच्याशी बोलणंच कमी केलं. 'बरी हायस का', 'जेवलो', 'जातो', एवढंच.

पुढच्या चैत्रात आई आक्काला घेऊन जोतिबाला गेली आणि गुलालात उभी राहून म्हणाली, "देवा, माझ्या हंबीराचं हात देवाला जोडल्यालं मला एकदा ह्या डोळ्यांनी बघू दे. तवर मी गुळाचा खडा जिभंला लावणार न्हाय."

उचगावच्या गुऱ्हाळवाल्या घरातली बाई, आणि गूळ सोडला! लोकांना सांगितलं पित्ताचं. सणाला सगळ्यांच्या पोळीत गूळ आणि हिच्या पानात कोरडी भाकरी, असे तेवीस हंगाम गेले. हंबीरला सांगायचं नाही, अशी आक्काला शपथ. "सांगितलंस तर मला बरं वाटावं म्हणून जोडंल त्यो," आई म्हणाली होती. "तसलं हात नकोत मला."

आणि आता त्याचे हात जुळलेत म्हणे. आईनं देवाला जोडलेले हात मागितले होते. कुठल्या देवाला, ते सांगायचं राहून गेलं होतं. हे आईच्या ध्यानात आलंय की नाही, आणि आलं असेल तर तिला हे चालणार आहे का, हे विचारायचा धीर आक्काला होत नव्हता. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून, टांगा करून ती उचगावच्या मळ्यात पोचली तेव्हा हंबीरला सुनवायच्या भाषणातला एक शब्द तिच्याजवळ उरला नव्हता.

गुऱ्हाळावर चुलवाण पेटलं होतं. काहिलीतला रस उकळायला लागला होता, आणि मीरासाब गुळव्या भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी झाऱ्यानं काढत होता. मीरासाबचं वय पासष्टच्या पुढं, आबांच्या बरोबरीचा माणूस. आबा गेल्यावर गुऱ्हाळ चालवायला त्यानंच आण्णाला शिकवलं. काहिलीत पहिली घागर पडताना तो डोळे मिटून बिस्मिल्ला म्हणायचा, मग आण्णा नारळ फोडायचा. त्याशिवाय या घरात कधी आदण, म्हणजे रसाची एक काहील, चढलं नव्हतं.

आई पोत्यावर बसली होती, पदर डोक्यावरून, नजर काहिलीवर. आक्का पाया पडली.

"आलीस? च्या घे," आई म्हणाली. एवढंच. पत्राबद्दल नाही, हंबीरबद्दल नाही.

आण्णाची बायको अंबूवहिनी चहाची किटली घेऊन आली ती कुजबुजतच. "वन्सं, आता तुमीच काय ते बघा. ह्यांनी चार दिस झालं नीट जेवाण केलं न्हाय. म्हंत्यात, त्यानं उद्याचा बेत सोडला न्हाय तर त्याच्या हातावर गूळ घालणार न्हाय."

आक्कानं कप खाली ठेवला. पहिल्या आदणाचा गूळ घरच्या कर्त्यानं घरच्या प्रत्येकाच्या तळहातावर घालायचा, ही या घराची रीत होती. ज्याच्या हातावर तो पडला नाही तो घरचा नाही. आबांच्या हयातीत एकदाच असं झालं होतं. चुलतभाऊ बांधावरून कोर्टात गेला, तेव्हा आबा त्याच्या पसरलेल्या हातावरून पुढं गेले. तो माणूस उठला, धोतर झटकलं आणि मरेपर्यंत या मळ्यात आला नाही. त्याची पोरं आजही रस्त्यात भेटली तर मान फिरवतात.

"आन् हौसा कुठाय?" आक्कानं विचारलं.

हंबीरची बायको हौसा पलीकडं साच्यांत फडकी अंथरत होती. डोळे सुजलेले, पण जीभ शाबूत. "मी न्हाय बाई तसली काय होणार. मला माझी अंबाबाई बास हाय," ती आक्काला म्हणाली. "ह्यांना सांगितलं तसं. तर म्हंत्यात, मी कुटं तुला बोलीवलंय? आता ह्यो काय संसार म्हणायचा का काय! पर वन्सं, खोटं कशाला बोलू? पयलं रागानं ताट भिरकावणारा माणूस आता जेवताना मला म्हंतो, तू बी बस की. धा वर्सं झाली, म्या कारण विचारलं न्हाय. म्हणलं, विचारलं तर थांबायचं."

आण्णा फडातून आला. डोक्याला टॉवेल, हातात कोयता, तोंडावर बारा वाजलेले. आक्काला बघून त्यानं कोयता टाकला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"तूच सांग त्याला. माझं ऐकत न्हाय."

"आरं, वाईच दम तरी घे."

"कसला दम? आक्का, चोवीस वर्सं मी त्याची बाजू घेतली. गाव म्हणायचं, तुझा भाऊ देव मानत न्हाय. मी म्हणायचो, न्हाय मानत, तुमच्या बाचं काय जातंय? त्यो कुणाचाच मानत न्हाय, तुमचा बी न्हाय आन् आमचा बी न्हाय. तोंडं बंद व्हायची लोकांची. आता काय सांगू? देव न्हाय म्हणणारा भाऊ चालतो गं. पर सगळं देव बघून, आमचं नको, ह्यो बरा हाय म्हणणारा? म्हंजे आमच्या देवानं काय घोडं मारलं?" आण्णाचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आन् त्या ब्रह्मपुरीच्या ख्रिस्ती वस्तीतल्या लोकांत जाऊन बसतो. जेवतो."

"जेवतो तर जेवतो. तुझ्या ताटातलं तर न्हेत न्हाय?" आक्का म्हणाली, आणि आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

खरं तर हंबीरच्या नास्तिकपणाची घराला सवय होऊन गेली होती. सवय काय, सोय झाली होती. कुणी उतरून टाकलेली लिंबं, नारळ दारात दिसले की अंबूवहिनी ओरडायची, "भाऊजी येतील तवा उचलतील!" विहिरीवरचं झाड तोडायला गडी घाबरले, तेव्हा शहरातून हंबीरला बोलावून कुऱ्हाडीचा पहिला घाव घालायला लावला होता. अमावास्येला निघायचं असलं की पहिलं पाऊल त्याचं. घरात एक न मानणारा माणूस असला की बाकीच्यांना निवांत मानता येतं. आता ही कामं कोण करणार, असा विचार आक्काच्या मनात आला आणि इतक्या काळजीतही तिला हसू फुटलं.

हंबीर सायकलवरून आला. अंगात खादीचा सदरा, खिशाला लाल शाईचा डाग, कॅरियरला पिशवी. आण्णानं पाठ फिरवली. हंबीरनं मीरासाबला सलाम केला, आईपाशी जाऊन "बरी हायस न्हवं?" म्हणाला. आई "हाय" म्हणाली. मग आक्कानं त्याचा दंड धरला आणि त्याला चिपाडाच्या ढिगामागं नेलं, लहानपणी मार द्यायला न्यायची तसं.

"बोल. कुणी काय दिलं तुला? काय दाखिवलं?"

"कुणी काय न्हाय दिलं आक्का."

"मग झालं काय एकदम?"

"एकदम कुठं? अकरा वर्सं लागली." तो चिपाडावर बसला. "त्रेसष्ट साली मी सगळ्या देवांच्या विरुद्ध एकेक पुस्तिका लिहीत होतो. आपल्या देवळांवर लिहिली. पिरावर लिहिली. तवा मीरासाबचाचा म्हणाला, लिव की, पर उरसाचा मलिदा खाऊन लिव. मग म्हटलं आता ख्रिस्ती लोकांची पाळी. ब्रह्मपुरीत शांतवन मास्तरांचं वाचनालय हाय. तिथं गेलो, म्हणालो, तुमचं पुस्तक द्या, मला त्याच्या चुका काढायच्यात. मास्तर म्हणाले, पंधरा दिवसांची मुदत. नीट वापरा, पानं दुमडू नका."

"मग?"

"पंधरा दिवसांत कुठलं व्हतंय? परत गेलो, मुदत वाढवून घेतली. परत गेलो, परत वाढवली. दर पंधरवड्याला जायाचो आन् भांडायचो. ह्याचं उत्तर द्या, त्याचं उत्तर द्या. मास्तरांना आलं तर सांगायचं. न्हाय तर म्हणायचं, हे मला येत न्हाय, पुढच्या खेपेला याल तवर विचार करतो. आक्का, माझी आख्खी वही भरली चुकांनी. पर 'मला येत न्हाय' असं म्हणणारा देवाचा माणूस मी पयल्यांदा बघत होतो."

"येवढ्यावरनं कुणी धरम बदलतंय व्हय?"

"न्हाय गं. पुढं त्यांची बायको गेली. मातीच्या वेळी मास्तर गाणं म्हणत होते. मी मनात म्हटलं, हे नाटक हाय. पंधरवड्यानं मुद्दाम न सांगता, वेळेच्या आधी गेलो, पकडायला. तर मास्तर एकटेच बसून रडत होते. आन् रडत रडत देवाला बोलत होते. चांगलंच फैलावर घेत होते त्याला, बायको का न्हेलीस म्हणून." हंबीरनं एक चिपाड उचललं. "आक्का, देवावर चिडून देवाशीच बोलता येतं, हे मला ठावंच नव्हतं. मी चिडलो तवा बोलणंच बंद केलं होतं."

पलीकडून मीरासाब "जाळ कमी करा रं!" म्हणून ओरडला.

"मग मी त्यांच्या देवळाच्या भाईर उभा ऱ्हायला लागलो. मग व्हरांड्यात. दोन वर्सं दारात. लाज वाटायची. सहा पुस्तकं लिहिलीत आपण, लोक काय म्हणतील? मग मागच्या बाकावर बसलो. त्यांची एक प्रार्थना हाय, सगळे मिळून म्हणतात. मी पन म्हणायला लागलो. त्यात माफीची एक ओळ हाय. आमी दुसऱ्यांना माफ करतो, अशा अर्थाची. ती ओळ आली की माझं तोंड बंद. आदली म्हणायचो, नंतरची म्हणायचो, ती गाळायचो. मला खोटं बोलायचं नव्हतं. दोन वर्सं गाळली."

"कुणाला माफ करायचं होतं तुला?"

हंबीरनं चिपाडाची एक काडी मोडली, पुन्हा मोडली आणि पोत्यावर बसलेल्या आईकडं बघितलं. आक्कानं पुढं विचारलं नाही.

"मास्तर म्हणाले, रविवारच्या आधी घरी जाऊन या. म्हणून आलोय. आण्णानं गूळ न्हाय दिला तरी मी उद्या जाणार हाय आक्का. पर न्हाय दिला तर..." तो थांबला. "मला हे घर सोडायचं न्हाय गं."

पोराला रडताना बघून कुठल्याही आईला सुचतं तसं काहीतरी बोलावं असं आक्काला वाटलं, पण तिनं फक्त त्याच्या डोक्यातलं चिपाडाचं कूस काढलं आणि म्हणाली, "चल. आदण उतरतंय."

मीरासाबनं पाक पाण्याच्या डब्यात टाकला, बोटांनी वळला आणि त्याची गोळी काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण आवाज आला. "उचला!" चौघांनी काहील ओढून गूळ निववायच्या वाफ्यात पालथी केली. गरम गुळाचा वास मळाभर झाला. पोरं वाफ्याभोवती जमली. आण्णानं हात धुतले, पळसाच्या पानावर गूळ काढून घेतला, जरा निवू दिला, पहिला खडा चुलवाणात टाकला.

सगळे रांगेनं बसले, वयानं. आई, मीरासाब, आक्का, अंबूवहिनी, हंबीर, हौसा, मग पोरंटोरं. आण्णानं आईच्या तळहातावर गूळ घातला. दरवर्षी ती तो कपाळाला लावून अंबूवहिनीला द्यायची. या वर्षी तिनं मूठ मिटली आणि नुसती बसून राहिली. मीरासाबला दिला. आक्काला दिला. वहिनीला दिला. हंबीरनं हात पुढं केला. त्या हाताला बोटाच्या पेरांपर्यंत लाल शाई लागलेली.

आण्णा त्याच्यासमोर थांबला.

"उद्याचं काय ठरलं?"

"जाणार हाय आण्णा."

आण्णाच्या डोळ्यांत पाणी होतं की ते धुरानं चुरचुरत होते, आक्काला कळलं नाही. तो एक पाऊल पुढं सरकला आणि हौसापुढं गूळ धरला.

हौसानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "त्यांस्नी न्हाय तर मला बी नको भाऊजी."

"तू कुठं ख्रिस्ती व्हायलीस?"

"म्या न्हाय व्हायली. पर बायकू तर त्यांचीच हाय न्हवं?"

"आण्णा," मीरासाब बसल्या जागेवरून म्हणाला, "आबा असल्यापासनं मी तुमच्या काहिलीला बिस्मिल्ला म्हणून हात घालतोय. तुमच्या गुळाला कधी बाधा झाली का रं?"

"तुमची गोष्ट येगळी चाचा! तुमी जलमापासनं तसं हाय. ह्यानं आपलं सोडून..."

"आण्णा, गप बस," आई म्हणाली.

सकाळपासून तिनं काढलेला हा पहिला मोठा आवाज. आण्णा गुळाचं पान हातात घेऊन उभाच राहिला.

"हंबीरा, हिकडं ये. म्होरं बस."

हंबीर जाऊन तिच्यापुढं बसला. आईच्या मुठीतला गूळ पाघळून बोटांतून आला होता.

"तुझ्या बाला देवळात न्या म्हणून मी सांगितलतं," आई म्हणाली. "आण्णा गाडी जुपत होता. मी त्याचा हात धरला. चोवीस वर्सं झाली. तू इचारलं न्हाईस आन् मी सांगितलं न्हाय. आज इचार."

अंबूवहिनीनं पोरांना जवळ ओढलं. आक्काला वाटलं, नको गं आई, नको, हे आता कशाला काढतेस? पण आई आज ठरवून बसली होती.

हंबीर तिच्या आणखी जवळ सरकला.

"आये, खरं सांगू? मी देव न्हाय, देव न्हाय म्हणून येवढी पुस्तकं लिहिली. माझं देवाशी भांडाण नव्हतंच. तुझ्याशी होतं. तुझ्याशी भांडायची छाती झाली न्हाय, म्हणून देवाला धरलं." तो लहान पोरासारखा बाहीनं नाक पुसत होता. "माफीची ती ओळ दोन वर्सं माझ्या तोंडातनं निघत न्हवती, ती तुझ्यापायी. ह्या दसऱ्याला निघाली. मोठ्यांदा निघाली, म्होरच्या बाकावरची माणसं वळून बघाय लागली. त्याच दिवशी मास्तरांना म्हणालो, आता मला घ्या. आन् आता तू मला माफ कर. चोवीस वर्सं तुझ्याशी नीट बोललो न्हाय."

"मला वाटलं, तितं न्हेलं तर वाचत्याल," आई म्हणाली. "मला दुसरं काय ठावं नव्हतं रं लेकरा. माझा बा त्याच देवळात वाचलावता."

हंबीरनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईनं डाव्या हातानं त्याच्या केसांतून हात फिरवला. उजव्या मुठीत गूळ होता. आण्णानं तोंड दुसरीकडं वळवलं आणि टॉवेल डोळ्यांना लावला. चुलवाणात चिपाड टाकायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मग आईनं पदरानं डोळे पुसले, मूठ उघडली आणि आपल्या वाट्याच्या गुळाचे दोन तुकडे केले. एक हंबीरच्या तळहातावर ठेवला. "खा."

हंबीरनं तो घेतला. आणि आता सवयीनं त्याचा घात केला. गेली कित्येक वर्षं तो कुठंही काही खायच्या आधी, छापखान्यात शिळी भाकरी असली तरी, क्षणभर थांबून हात जोडायचा. घरच्यांसमोर मात्र तो हे मनातल्या मनात उरकायचा, कारण त्याला लाज वाटायची. आज ध्यानातच राहिलं नाही. त्यानं गूळ दोन तळहातांत धरला, हात जोडले, डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलले.

आक्कानं आईकडं बघितलं. आई त्या हातांकडं बघत होती. ते लाल शाईचे, गुळानं बरबटलेले, जोडलेले हात. ती अशी बघत होती, जणू तिथं दुसरं कुणीच नाही. आई, आता काय? आक्का मनात म्हणत होती. आता तूच सांग बाई.

आईनं मान वर केली आणि वायव्येला बघितलं. मळ्यातून जोतिबाचा डोंगर दिसत नाही, नुसता उसाचा फड दिसतो. पण आई अर्धा मिनिट तिकडं बघत राहिली, ओळखीच्या माणसाला काही विचारावं आणि त्यानं हो म्हणावं तशी. मग तिनं हातातला उरलेला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

अंबूवहिनी ओरडलीच. "आत्याबाई! अवो पित्त!"

"कसलं पित्त अंबू!" आक्काला आता राहवेना, ती रडत होती आणि हसत होती. "आण्णा, आरं, नवस होता तिचा! ह्या गाढवाचं हात देवाला जोडल्यालं बघीस्तवर गूळ खाणार न्हाय म्हणून. तेवीस वर्सं! जोतिबाच्या म्होरं बोललीती, मी होते संगं!"

हंबीरनं डोळे उघडले. त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो आपल्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिला. आई डोळे मिटून गूळ चघळत होती, तोंडात दात थोडेच, त्यामुळं सावकाश.

"मीरासाब," ती म्हणाली, "लई ग्वाड झालाय की रं."

"दरसालच व्हतोय वैनी," मीरासाब म्हणाला. "तुमीच खाईत नव्हता."

आण्णा गुळाचं पान घेऊन अजून उभा होता. आईनं त्याच्याकडं बघितलं. "मी उद्या त्याच्याबर जाणार हाय," ती म्हणाली. "ब्रह्मपुरीला. मला नीट बघायचंय. आन् त्या मास्तरला गुळाची एक ढेप बांध. अकरा वर्सं माझं पोरगं संभाळलंय त्यानं."

"आई, लोक..."

"लोकांनी त्याच्यासाठी गूळ सोडला न्हवता."

आण्णा खाली बसला, पानावरचा भला मोठा खडा उचलला आणि हंबीरच्या हातात, धाकट्याला रागानं चापट मारावी तसा, ठेवला. हौसानं पदराखालून हात बाहेर काढला.

"किती वाजता असतंय ते उद्याचं?" आण्णानं विचारलं.

"साडेआठ."

"मी येणार न्हाय. आधीच सांगतो." तो उठला, टॉवेल झटकला. "बैलगाडी सातला तयार असंल. आईला काय चालवत न्हेणार हाईस व्हय?"